पैसे युनिटचे, वेळ दुसऱ्याचा

इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक मत मोठ्या ठामपणे मांडलं जातं. सार्वजनिक चार्जरवर कसं वागावं हा विषय निघायचा अवकाश, की कोणीतरी म्हणतंच, "शिष्टाचार शिकवू नका. मी पैसे मोजतो. गाडी माझी, बॅटरी माझी. शंभर टक्के झाल्याशिवाय चार्जरची गन निघणार नाही. चार्जर कमी पडतात, तर ते सरकारला सांगा, कंपन्यांना सांगा. अ‍ॅपमध्ये दंड ठेवा. मागे थांबलेल्याची काळजी मी का करायची?" ऐकणारे माना डोलावतात. बोलणं हक्काचं असतं, आणि हक्कापुढे सभ्यपणाची गोष्ट नेहमी थोडी मवाळ, थोडी शाळकरी वाटते.

मला हे मत साफ अमान्य आहे. ते नुसतं उद्धट असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते चुकीच्या माहितीवर आणि चुकीच्या हिशेबावर उभं आहे, आणि त्याची किंमत रोज कोणीतरी तिसराच माणूस मोजतो. पावसाळ्यातल्या संध्याकाळी, घाटाच्या पायथ्याशी, बॅटरी सात टक्क्यांवर आलेली आणि मागच्या सीटवर मुलं पेंगुळलेली, अशा अवस्थेत तो रांगेत थांबलेला असतो. तेव्हा या मतातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

पहिला दावा पैशांचा. "मी पैसे मोजलेत." कशाचे मोजलेत? आपल्याकडे बहुतेक सार्वजनिक चार्जरवर आकारणी युनिटप्रमाणे होते. जेवढे युनिट बॅटरीत गेले, तेवढ्यांचं बिल. त्यात जागेचं भाडं नसतं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं, की गाड्या चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे. म्हणून तर चार्जिंग स्टेशन काढायला वीजवितरणाचा परवाना लागत नाही. सेवा घेतली, पैसे दिले, व्यवहार संपला. चार्जिंग पूर्ण झाल्यावरही जी गाडी तिथेच उभी राहते, ती कशाचे पैसे देत असते? शून्य युनिटचे शून्य रुपये. ज्या क्षणापासून हा माणूस इतरांना सगळ्यात जास्त अडवू लागतो, त्याच क्षणापासून तो बहुतेक ठिकाणी एक पैसाही मोजत नसतो. मग हक्क आला कुठून?

दुसरा दावा त्याहून लोकप्रिय आहे: "शंभर टक्के भरणं माझा अधिकार आहे." इथे बॅटरीचं शास्त्र समजून घ्यायला हवं. लिथियम-आयन बॅटरी रिकामी असताना भरभर वीज घेते. सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोचू लागलं, की गाडीतलीच बॅटरी सांभाळणारी यंत्रणा करंट कमी करत नेते, कारण तसं केलं नाही तर सेलना इजा होते. ८० टक्क्यांच्या पुढे ही घसरण बहुतेक गाड्यांत स्पष्ट दिसते. म्हणूनच कंपन्या फास्ट चार्जिंगची वेळ १० ते ८० किंवा २० ते ८० टक्क्यांची छापतात. ज्या कंपनीने गाडी बनवली, तीच सांगते आहे की फास्ट चार्जरचा खरा उपयोग कुठपर्यंत आहे.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. बॅटरी ४५ युनिटची आहे. २० वरून ८० टक्क्यांवर जायला २७ युनिट लागतात. सरासरी ३६ किलोवॉटचा वेग मिळाला, तर हे काम ४५ मिनिटांत होतं. उरलेले २० टक्के म्हणजे फक्त ९ युनिट. वेग घसरल्यामुळे त्यांना आणखी ४० मिनिटं लागली असं धरू. त्याच ४० मिनिटांत, त्याच मशिनवर, नव्याने आलेल्या गाडीने २४ युनिट घेतले असते. रांगेत तिसऱ्या असलेल्या माणसाचं काय होतं तेही पाहा. पुढच्या दोघांनी ८० टक्क्यांवर गाडी काढली, तर त्याचा नंबर ९० मिनिटांत लागतो. दोघांनी शंभर टक्के भरायचा हट्ट धरला, तर १७० मिनिटांत. आणि शंभर झाल्यावर दोघांनीही जेवण उरकायला आणखी अर्धा-अर्धा तास घेतला, तर २३० मिनिटांत, म्हणजे जवळजवळ चार तासांनी. मशीन तेच, वीज तीच. फरक पडला तो दोन माणसांच्या वागण्याने. या फरकाला "माझी वैयक्तिक बाब" म्हणता येईल का?

यावर जाणकारांचं एक ठेवणीतलं उत्तर असतं. "माझी बॅटरी एलएफपी आहे. ती अधूनमधून शंभर टक्के भरावीच लागते, कंपनीच सांगते." कंपनी सांगते हे खरं आहे, पण का सांगते? लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसं बदलत नाही. त्यामुळे बॅटरीत नेमकी किती वीज उरली आहे याचा यंत्रणेचा अंदाज हळूहळू चुकत जातो. अधूनमधून वरच्या टोकाला गेलं की तो अंदाज दुरुस्त होतो आणि सेल एकमेकांशी समतोल होतात. हे निवांतपणे करायचं काम आहे. ते घरी, रात्री, संथ चार्जरवर करावं. शनिवारी दुपारी, मागे चार गाड्या उभ्या असताना, महामार्गावरच्या डीसी फास्ट चार्जरवर सेल समतोल करत बसा असं सांगणारं माहितीपत्रक माझ्या पाहण्यात नाही. अर्धी माहिती ढाल म्हणून वापरणं याला जाणकारी म्हणत नाहीत.

खऱ्या गरजेला विरोध नाही. कोकणात किंवा विदर्भात पुढचा भरवशाचा चार्जर लांब असेल, घाट चढायचा असेल, रात्र झाली असेल, तर ९५ टक्के भरणं हा समजूतदारपणाच आहे. पण मग मागच्याला तसं सांगावं. "मला सावंतवाडीपर्यंत जायचंय, अजून वीस मिनिटं लागतील," एवढं वाक्य पुरतं. ज्याला खरी गरज असते त्याला ती सांगायला लाज वाटत नाही. जो सांगायचं टाळतो, त्याच्या गरजेबद्दल शंका घ्यायला जागा राहते.

तिसरा दावा असा, की दोष व्यवस्थेचा आहे. "चार्जर पुरेसे असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता." सरकारने अधिक करायला हवं यात वाद नाही. शहरांत तीन किलोमीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक आणि महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक चार्जिंग स्टेशन असावं, हे केंद्राने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटलं होतं. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी देऊ केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. गाड्या वाढणार, लांबचे प्रवास वाढणार, आणि त्या प्रमाणात चार्जर वाढावेत म्हणून आपण सगळ्यांनी भांडलंच पाहिजे.

पण चार्जर कमी आहेत म्हणून मी दुसऱ्याला अडवणार, हा तर्क कोणता? वस्तू कमी असेल तेव्हा वाटून घेण्याची जबाबदारी वाढते, संपत नाही. भरपूर चार्जर असते तर तुम्ही तासभर जास्त थांबल्याने कोणाचं बिघडलं नसतं. ते कमी आहेत म्हणूनच तुमचं प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी अंगावर पडतं. शिवाय गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर किंवा मे महिन्यातल्या जोडसुट्टीला द्रुतगती मार्गावर जेवढ्या गाड्या येतात, तेवढे चार्जर वर्षभर उभे करून ठेवणं कोणत्याच देशाला परवडणार नाही. गर्दीच्या दिवशी रांग लागणारच. रांगेत कसं वागायचं हा प्रश्न मशिनं कितीही वाढली तरी उरणारच आहे.

आणि आहेत त्या मशिनांची दुरवस्था तरी कोण करतं? काम झाल्यावर गन तिच्या जागी परत अडकवायला दहा सेकंद लागतात. तरीही ती जमिनीवर टाकली जाते. तिच्यात चिखल जातो, पाणी जातो, कोणाचं तरी चाक तिच्यावरून जातं. दोन गनच्या ६० किलोवॉटच्या मशिनची एक गन अशी निकामी झाली, की दोन गाड्यांची सोय एकीवर येते. मग अ‍ॅपवर "चार्जर बंद" असं दिसतं आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. देखभालीतली हयगय कंपन्या करतात, त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण गन चिखलात टाकणारा हात सरकारचा नसतो.

चौथा दावा ऐकायला बिनतोड वाटतो. "पेट्रोल पंपावर कोणी शिष्टाचाराची प्रवचनं देतं का? मग आम्हालाच का?" पंपावर प्रवचन लागत नाही, कारण तिथे माणूस असतो. पंपावरचा कर्मचारी पेट्रोल भरतो, पैसे घेतो आणि हाताने खूण करून गाडी पुढे घ्यायला लावतो. सगळं पाच मिनिटांत उरकतं, चालक गाडीपाशीच असतो. तो गाडी लावून चहाला गेला तर मागचे हॉर्न त्याला दोन मिनिटांत परत आणतात. चार्जरवर यातलं काहीच नाही. बहुतेक ठिकाणी कर्मचारी नसतो, काम पाऊण तासाचं असतं, आणि चालक गन लावून निघून जातो. पंपावर जी शिस्त दुसरा माणूस लावतो, ती इथे ज्याची त्याने लावायची असते. ती लावली नाही, तर लावणारं दुसरं कोणी नाही.

पेट्रोल-डिझेलची गाडी चार्जरसमोर उभी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. जागा सावलीतली आहे, दाराजवळची आहे, "पाचच मिनिटं" थांबायचंय, ही कारणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. त्या पाच मिनिटांचं जेवण होतं, आणि मशीन चालू असून केबल कोणाच्याही गाडीपर्यंत पोचत नाही.

पाचवा दावा आधुनिक वेषातला आहे. "माणसं सुधारत नसतात. दंड लावा, तंत्रज्ञान आणा, बाकीचं आपोआप होईल." दंडाला माझा पाठिंबा आहे. चार्जिंग संपल्यावरही गाडी न हलवणाऱ्यांना मिनिटाप्रमाणे आकार लावायला टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्येच सुरुवात केली होती. आपल्याकडेही असा आकार सर्रास लागावा. पण तेवढ्याने भागेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. दंड मोजतो तो मशिनशी जोडलेल्या गाडीचा वेळ. गन काढून ठेवली पण गाडी तिथेच आहे, हे मशिनला कळत नाही. समोर पेट्रोलची गाडी उभी आहे, हेही कळत नाही. शेजारी ३० किलोवॉटचं मशीन मोकळं असताना, ३० किलोवॉटच घेऊ शकणारी गाडी १२० किलोवॉटच्या मशिनवर लावून कोणी मोठ्या बॅटरीच्या गाडीची वाट अडवली, तर त्यालाही दंड नाही.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलच्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढला. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटत होता. दंड आल्यावर उशीर ही पैसे देऊन घ्यायची सोय झाली. पुढे दंड काढून घेतला, तरी वाढलेला उशीर खाली आला नाही. एकदा गेलेला संकोच परत आला नाही. चार्जरवर नेमकं हेच होऊ शकतं. ज्याचा खिसा मोठा, तो म्हणेल, "मिनिटाला दोन रुपये ना? घ्या." दंड हवाच, पण तो सभ्यपणाच्या जोडीला हवा. सभ्यपणाची जागा दंडाला दिली, तर अडवणुकीचं दरपत्रक तेवढं तयार होईल.

सहावं म्हणणं सगळ्यात निराश करणारं आहे: "आपल्या लोकांना शिस्त नाही. आपल्याकडे हे चालायचंच." ज्या मुंबईत हे वाक्य बोललं जातं, त्याच मुंबईच्या लोकलमध्ये रोज लाखो माणसं कोणत्याही कायद्याशिवाय एक नियम पाळतात. बसलेल्याला विचारायचं, "कुठे उतरणार?" तो स्टेशन सांगतो, आणि ती जागा विचारणाऱ्याची ठरते. मध्ये दुसरा कोणी आला तर आजूबाजूचेच सांगतात, "त्यांनी आधी विचारलंय." तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकून जागा केली जाते. तिथे अ‍ॅप नाही, दंड नाही, पाटी नाही. जागा कमी आहे आणि प्रत्येकाला घरी पोचायचं आहे, एवढी जाणीव पुरते. त्याच शहरातला माणूस पंधरा-वीस लाखांची गाडी घेतल्यावर एवढंही करू शकत नाही, हे मी मानायला तयार नाही. "किती टक्के झाले? किती वेळ लागेल?" एवढं विचारायचं आणि खरं उत्तर द्यायचं. ही आपलीच रीत आहे, बाहेरून आणायची नाही.

या चर्चेत टॅक्सीचालकांवर सर्रास खापर फोडलं जातं, त्याचाही समाचार घ्यायला हवा. "फ्लीटवाले चार्जर अडवून बसतात," ही तक्रार करणाऱ्या कित्येकांच्या घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःचा चार्जर असतो. ज्या चालकाची खोली वस्तीत आहे आणि गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते, त्याने ती कुठे चार्ज करायची? सार्वजनिक चार्जरवर गेलेला प्रत्येक तास हा त्याच्या कमाईतून वजा होतो. ८० टक्क्यांचा आणि नंबराचा नियम त्यालाही आहे, मलाही आहे. पण घरी सहज चार्ज करता येत असताना, केवळ मॉलमध्ये खरेदीला आलोय म्हणून फास्ट चार्जर अडवणाऱ्याला टॅक्सीचालकाकडे बोट दाखवायचा अधिकार नाही.

अन्याय झाला म्हणून दांडगाई करणाऱ्यांनाही सूट नको. दुसऱ्याची चालू गन काढायला जाणं, ती निघत नाही म्हणून हिसकणं, किंवा मशिनवरचं लाल बटण दाबून त्याचं चार्जिंग बंद पाडणं, हे प्रकार घडतात आणि काही जण त्यांना शौर्य समजतात. लाल बटण आगीसाठी, विजेच्या धक्क्यासाठी, जिवावरच्या प्रसंगासाठी आहे. ते दाबल्यावर अनेकदा मशीन पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं, आणि तेवढा वेळ सगळी रांग खोळंबते. एकाला धडा शिकवताना पाच जणांना शिक्षा करणं हा न्याय नव्हे.

आता सांगा, या "हक्काच्या" भूमिकेत उरलं काय? पैसे युनिटचे होते. शंभर टक्क्यांचा आग्रह बॅटरीच्या शास्त्रात बसत नाही. मशिनं कमी आहेत हे कारण उलट्या बाजूने लागू पडतं. पंपाची तुलना टिकत नाही, दंड एकटा पुरत नाही, आणि लोकांना शिस्त नाही हे म्हणणं आपलीच लोकल रोज खोटं ठरवते. उरते ती एकच गोष्ट: मागे थांबलेल्या माणसाचा वेळ हा वेळच नाही, असं मानण्याची सवय. तिला हक्क म्हणू नये.

वागायचं कसं हे कोणाला ठाऊक नाही असंही नाही. मागे कोणी थांबलं असेल तर ८० टक्क्यांवर गाडी काढा. जास्त हवं असेल तर कारण सांगा. गाडीपासून दूर जाणार असाल तर काचेमागे फोन नंबर आणि निघायची वेळ लिहून ठेवा, आणि फोन आला तर उचला. आपल्या गाडीला पेलेल तेवढ्याच ताकदीचं मशीन निवडा. केबल गुंडाळून गन जागेवर लावा. मशीन बिघडलेलं दिसलं तर अ‍ॅपवर कळवा, म्हणजे पुढचा माणूस चाळीस किलोमीटर भरवशावर येऊन फसणार नाही. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

अजून गाडी न घेतलेले हजारो लोक आपल्याकडे पाहत आहेत. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही, हे ते जाहिरातींपेक्षा आपल्या मित्रांच्या अनुभवावरून ठरवतात. "चार्जरवर तीन तास गेले आणि भांडण झालं ते वेगळंच," हे एक वाक्य टोलमाफीने मिळवलेलं सगळं घालवू शकतं. चार्जर सरकार उभारेल, कंपन्या उभारतील. ते सगळ्यांना पुरे पडावेत ही जबाबदारी मात्र गन हातात धरणाऱ्याची आहे, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. पुढच्या वेळी स्क्रीनवर ८० चा आकडा दिसला, की एकदा मागे वळून पाहा. कोणी थांबलं असेल, तर गाडी काढा.